सोय जाणे तो सोयरा
(महाविद्यालयीन दिव्यांग विद्यार्थी आणि आपण)



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्याविषयी बोलण्याचा माझ्यापेक्षा अधिक अधिकार समोर बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना आहे. त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलालाही हे सारे आपल्यासाठीच चालले आहे असे वाटत असे, एवढे मात्र मी पुष्कळांकडून ऐकले आहे. चांगल्या शिक्षकाची याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही. मराठीच्या अध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतकाव्यावर किंवा नवकथेवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु त्या शेवटच्या बाकाचे स्मरण ठेवून मी आज वेगळा विषय घेतला आहे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा ज्यांची बुद्धी तल्लख असूनही अक्षरे हाताला वश होत नाहीत, असे विद्यार्थी शाळा संपवून महाविद्यालयात जातात, तेव्हा त्यांच्या अध्ययनाची आणि परीक्षेची व्यवस्था कोणी आणि कशी करावी, हा तो विषय आहे.

भाषेचा माणूस म्हणून आरंभ शब्दापासून करतो. या व्यवस्थेला आपण सर्रास ‘सवलत’ म्हणतो. एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते, दिवाळीत कापडाच्या दुकानात सवलत मिळते. सवलत म्हणजे देणाऱ्याने आपल्या हक्काचे काही सोडणे आणि घेणाऱ्याने उपकृत होणे. अंध विद्यार्थ्याला लेखनिक देताना आपण आपल्या हक्काचे काय सोडतो? काहीच नाही. मराठीत या अर्थासाठी जुना आणि घरगुती शब्द आहे, तो म्हणजे ‘सोय’. पाहुणा घरी आला की आपण त्याची सोय पाहतो. वृद्ध असेल तर खाली न बसवता खुर्ची देतो, पथ्य असेल तर वेगळी भाजी करतो. याला कोणी सवलत म्हणत नाही आणि पाहुण्यालाही ओशाळल्यासारखे होत नाही. ‘सोय जाणे तो सोयरा’ ही म्हण आपल्या आज्या येता-जाता वापरीत. नाते रक्ताने जडते तितकेच दुसऱ्याची अडचण न सांगता ओळखण्याने जडते, असे ती म्हण सांगते. महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्याचे सोयरे व्हावे, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे. बाकी सारा त्याचा विस्तार आहे.

लेखनिकाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या परंपरेकडे पाहू. महाभारताचा लेखनिक प्रत्यक्ष गणपती होता, अशी कथा आहे. लेखणी थांबता कामा नये, ही गणेशाची अट. आणि अर्थ समजल्यावाचून लिहायचे नाही, ही व्यासांची उलट अट. लेखनिक कसा असावा याविषयीचा हा कदाचित सर्वांत जुना नियम असेल, आणि पुढे आपल्याला त्याची आठवण ठेवावी लागणार आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा ज्ञानदेव सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. ग्रंथाच्या अखेरीस त्यांचे नाव आदराने नोंदलेले आहे. ज्ञानदेवांनी स्वतः लेखणी धरली नाही म्हणून ज्ञानेश्वरीचे कर्तृत्व कोणी निम्मे धरले नाही.

अलीकडच्या काळात या. विदर्भातील गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१ चा. अगदी तान्हेपणी त्यांची दृष्टी गेली आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले आणि इतरांनी ते लिहून घेतले. गुजरातचे उदाहरण घ्यायचे तर पंडित सुखलालजी संघवी यांचे घ्यावे लागेल. १८८० मध्ये जन्मलेल्या सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली. ते काशीला गेले, संस्कृत दर्शने इतरांकडून वाचवून घेऊन शिकले, गुजरात विद्यापीठात ‘सन्मतितर्क’सारख्या कठीण ग्रंथाच्या संपादनात त्यांनी मोलाची कामगिरी केली आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केले. आपण अशांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून हात जोडतो. परंतु हात जोडताना एक गोष्ट नजरेआड करतो. त्यांच्या प्रज्ञेला वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा माणूस भेटला होता. ज्याला असा माणूस भेटला नाही, असा प्रज्ञाचक्षू इतिहासाला माहीतच नाही. तो कोणत्या तरी ओसरीवर बसून आयुष्य काढून गेला.

आता बडोद्याकडे येतो. या शहरात बसून शिक्षणाच्या हक्कावर बोलताना श्रीमंत सयाजीरावांचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा त्याची नुसती चर्चा चालली होती. १९१३ साली याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला परतले, तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढले गेले आणि कमाठी बागेतील झाडाखाली त्यांनी अश्रू ढाळले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. जातीचे दुःख आणि शरीराच्या वैगुण्याचे दुःख ही एक नव्हेत, त्यांची सरमिसळ मी करीत नाही. परंतु त्या प्रसंगातून एक धडा सर्वांनी घ्यावा असा आहे. राजाने शिष्यवृत्ती दिली, पदही दिले; पण विद्वानाने रात्री पाठ कुठे टेकावी याची सोय नव्हती, आणि त्या एका अभावापुढे बाकीचे सारे व्यर्थ ठरले. प्रवेश देणे आणि सोय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे स्मरण श्रीमती हंसाबेन मेहता यांचे. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या त्या पहिल्या कुलगुरू. त्याच्या एकच वर्ष आधी, १९४८ साली, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असा शब्दप्रयोग होता. हंसाबेनांनी आग्रह धरून तेथे सर्व ‘मानव’ असा पालट घडवून आणला. एका शब्दाने निम्म्या जगाला दार उघडले. ज्या विद्यापीठाची पहिली कुलगुरू शब्दाविषयी एवढी दक्ष होती, त्या विद्यापीठाच्या नगरीत ‘सवलत’ या शब्दावर मी इतका वेळ घेतला याबद्दल आपण मला क्षमा कराल.

कायद्याचा आढावा थोडक्यात घेतो. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला. शिक्षणसंस्थांत किमान तीन टक्के जागा राखून ठेवाव्यात आणि अंध व क्षीणदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक उपलब्ध करून द्यावा, असे त्यात होते. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार २००६ साली झाला आणि भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला व एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात ते एकवीस झाले. त्यांत अध्ययन-अक्षमता आली, स्वमग्नता आली, रक्ताचे काही विकारही आले. उच्च शिक्षणसंस्थांतील राखीव जागांचे प्रमाण किमान पाच टक्के झाले आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, अभ्यासक्रमात योग्य ते फेरफार, या गोष्टी कायद्याच्या कलमातच नमूद झाल्या.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्या कायद्याच्या व्याख्यांत आहे. आवश्यक व योग्य असा बदल, जो करण्यात संस्थेवर अवाजवी भार पडत नाही, त्याला कायदा वाजवी सोय मानतो. आणि अशी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे स्पष्ट सांगतो. म्हणजे कोणी दिव्यांग विद्यार्थ्याला हाकलून दिले तरच अन्याय, असे आता नाही. नुसते हात बांधून उभे राहणे हाही अन्याय आहे.

परीक्षांच्या बाबतीत केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ साली आणि पुन्हा २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान वीस मिनिटे अधिक, म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला चार तास, हे प्रमाण त्यांनी ठरवून दिले. परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, परीक्षा-यंत्रणेने लेखनिक दिल्यास विद्यार्थ्याची त्याच्याशी दोन दिवस आधी भेट घडवावी, भाषाविषयांसाठी वेगवेगळा लेखनिक घेण्याची मोकळीक असावी, ज्याला दिसत नाही त्याला आकृती-नकाशाच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न द्यावा, असे त्यांत होते. त्या सूचनांनी आणखी एक शब्दही बदलला. ‘जादा वेळ’ म्हणू नका, ‘भरपाईचा वेळ’ म्हणा, असे त्यांनी सांगितले. सरकारी कागदात मला क्वचितच इतका मार्मिक शब्दविवेक आढळला आहे. जादा म्हणजे वाट्याहून अधिक. भरपाई म्हणजे आधी जे गेले ते परत करणे. लेखनिकाला वाक्य सांगायचे, ते त्याने लिहायचे, मग वाचून दाखवायचे, चूक सुधारायची, यात जे क्षण जातात ते विद्यार्थ्याच्या पदरचे असतात. तेवढेच आपण त्याला परत देतो.

न्यायालयांनीही वाट मोकळी केली. नागरी सेवा परीक्षेला बसलेल्या विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात, लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही असे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचे प्रकरण आले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला हक्काचा अधिक तास न देता उत्तरपत्रिका काढून घेतली गेली होती. न्यायालयाने फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, पण झालेला अन्याय दूर करण्याचे उपाय योजण्याची जबाबदारी परीक्षा-यंत्रणेवर टाकली. नियम माहीत नसल्याची किंमत परीक्षार्थीने मोजायची नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ आहे. पुढे २०२२ साली चाळीस टक्क्यांखालील उमेदवारांसाठीही सूचना निघाल्या. त्यानंतरही या नियमांत भर व बदल होत आले आहेत, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने त्या त्या वर्षीचे आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक पाहावे.

कायदा एवढा भरभक्कम असताना मग अडते कुठे? याचे उत्तर एका अनुभवातून देतो. १९८०च्या दशकातली गोष्ट आहे. मुख्य विषय मराठी घेऊन पदवी परीक्षेला बसलेला एक अंध विद्यार्थी होता. संस्थेचे व त्याचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. वर्गात एकदा ऐकलेले विवेचन तो महिन्याने मुद्द्यांसकट परत सांगत असे. लेखनिक शोधणे हे त्या काळी विद्यार्थ्याचेच काम मानले जाई. शेजारचा एक गुजराती माध्यमाचा मुलगा मोठ्या भल्या मनाने तयार झाला. हिंदीमुळे त्याला देवनागरी येत होती. परंतु मराठी त्याच्या कानाला नवखी होती. ‘ओवी’ म्हटले की तो थांबे, ‘तळमळ’मधला ‘ळ’ कुठे आणि ‘ल’ कुठे हे विचारी, ऱ्हस्व-दीर्घ तर प्रत्येक शब्दाला. दोन जोडाक्षरे लागोपाठ आली की दोघेही घामाघूम. रसव्यवस्थेवरचा प्रश्न मनात आखून आलेल्या त्या विद्यार्थ्याचे तीन तास अक्षरे फोडून सांगण्यात गेले. पाचांपैकी तीन प्रश्न कसेबसे झाले, आणि त्यांतही जे लिहिले गेले ते वाचून परीक्षकाला विद्यार्थ्याच्या शुद्धलेखनाची कीव आली असणार. गुण अर्थातच तसे पडले. पदव्युत्तर वर्गासाठी लागणारी श्रेणी थोडक्यात हुकली. त्याने पुढे शिकायचे सोडले.

दोष कोणाचा म्हणावा? विद्यार्थ्याचा नाही, त्या मुलाचा तर मुळीच नाही, परीक्षकाचाही नाही. त्याच्यापुढे फक्त कागद होता. लेखनिक दिला होता, नियम पाळला होता. फक्त व्यासांची अट पाळली गेली नव्हती. लिहिणाऱ्याला अर्थ समजत नव्हता. बडोद्यासारख्या बहुभाषी शहरात ही अडचण आजही खरी आहे. येथे मराठीचा पेपर लिहायला मराठी जाणणारा लेखनिक, संस्कृतला संस्कृत जाणणारा, संख्याशास्त्राला चिन्हे ओळखणारा लागतो. सोय ही यादीतून निवडून देण्याची वस्तू नव्हे. ती या विद्यार्थ्याची, या विषयाची आणि या दिवसाची असते.

म्हणून वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या गरजा कशा वेगळ्या असतात हे पाहू. अंध विद्यार्थ्यासाठी आज संगणकाचे वरदान आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्यांतल्या काही विनामूल्य आहेत. परंतु येथे आम्हा मराठी अध्यापकांशी संबंधित एक मेख आहे. आमच्या पिढीने टिपणे जुन्या फाँटांत टंकलिखित केली. त्या फाँटांत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. वाचक-प्रणाली ती वाचू लागली की अर्थहीन आवाज निघतात. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर ती तुकोबांची गाथाही वाचून दाखवील. पानांची छायाचित्रे काढून पाठवलेली टिपणेही तिला मुकीच. तेव्हा ज्याला एक पैसा खर्च न करता सोय करायची आहे, त्या अध्यापकाने आपली टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ प्रती काढण्याची मोकळीक दिली. याच हेतूने २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ब्रेलही कालबाह्य झालेली नाही. १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान ब्रेल स्वीकारली गेली. तिची एक गंमत सांगतो. आपण ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी काढतो व उच्चार नंतर करतो. ब्रेलमध्ये तो उच्चाराच्या क्रमानेच, अक्षरानंतर येतो. बोटांनी वाचणारा विद्यार्थी या बाबतीत डोळसांपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध लिहितो.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण याहून लपलेली असते. तो चारचौघांसारखा दिसतो आणि वर्गात गप्प बसतो. त्याला आळशी ठरवणे सोपे जाते. अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचे व्याकरण वेगळे आहे, आणि मराठी किंवा गुजराती ही त्यांच्यासाठी शिकून मिळवलेली दुसरी भाषा असते. त्यांच्या उत्तरात विभक्ती चुकते म्हणून विचार चुकला असे नव्हे. सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने २०१५ साली स्वतंत्र संस्था स्थापन केली. प्रत्येक महाविद्यालयाला दुभाषी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर अध्यापकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, नवी संज्ञा आली की लिहून दाखवावी, आणि व्याख्यानाचा आराखडा आधी द्यावा. याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

तिसरा वर्ग अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांचा. महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून अशा शालेय विद्यार्थ्यांना अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुका न धरणे, दुसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी दिल्या. पुढे २००७ साली ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. पण त्या चित्रपटातले मूल आठ-नऊ वर्षांचे आहे. ते अठरा वर्षांचे होऊन महाविद्यालयात येते तेव्हा अक्षरे जादूने सरळ होत नाहीत. मराठीचा अध्यापक म्हणून मला शुद्धलेखनाचे प्रेम आहे. तरीही विचारावेसे वाटते की अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आपण काय तपासत आहोत? मागणी-पुरवठ्याची समज, की ‘पुरवठा’ या शब्दातील उकार? परीक्षा ज्याची आहे त्याचीच घ्यावी, हे तत्त्व धरले की निम्मे वाद मिटतात. व्याकरणाच्याच प्रश्नात मात्र शुद्धलेखनाची सूट मागता येणार नाही, हेही त्याच तत्त्वातून निघते.

ज्यांना चालणे कठीण आहे त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथील अडचण डोळ्यांना दिसते. आपल्या विद्यापीठाच्या कलाशाखेची घुमटाची वास्तू चिझम यांनी आखली. तिचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. परंतु त्या काळच्या वास्तू उंच जोत्यांच्या व जिन्यांच्या असत. जुन्या वास्तूला धक्का न लावता उतार बांधता येतो. आणि तो बांधून होईपर्यंत वेळापत्रक बदलून तो वर्ग तळमजल्यावर आणता येतो. उताराला वर्षे लागतील, वेळापत्रकाला एक दुपार पुरते.

दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, हा इतर विद्यार्थ्यांवर अन्याय नाही काय? मी उलट विचारतो, या सभागृहात चष्मा लावलेले किती जण आहेत? आपण चष्मा लावून परीक्षा दिली तेव्हा शेजारच्याने अन्याय झाला म्हणून तक्रार केली नाही. चष्म्याने उत्तर सांगितले नाही, प्रश्न दाखवला. लेखनिक, अधिक वेळ, वाचक-प्रणाली हे सारे त्याच जातीचे आहे. दुसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. तो खोटा नाही. २०२४ साली महाराष्ट्रातील एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर चर्चा झाली. लबाडीचा तपास कठोरपणे व्हावा. परंतु अशा प्रत्येक वादानंतर संशयाची नजर वळते ती खऱ्या दिव्यांग मुलांकडे, आणि त्यांना पुन्हा पुन्हा आपले दुःख सिद्ध करावे लागते. चोराच्या भीतीने आपण दाराला कुलूप लावतो, घरच्यांना बाहेर ठेवून नव्हे.

सोय नीट झाली तर काय होते याचेही एक उदाहरण द्यायला हवे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी साधनकेंद्र उभे राहिले. तेथे पुस्तके सुलभ रूपात करून मिळतात, संगणकाचे प्रशिक्षण मिळते. प्रांजल पाटील या उल्हासनगरच्या मुलीचे शालेय शिक्षण दादरच्या कमला मेहता अंधशाळेत मराठी माध्यमातून झाले, पदवीचे झेवियर्समध्ये आणि पुढचे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात. २०१६ साली नागरी सेवा परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखासेवेत तिला घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी तिने १२४ वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासन सेवेत गेली आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाली. तिच्या कर्तृत्वातला कणही मी कमी करू इच्छित नाही. परंतु मगाशी सांगितलेला तो बडोद्याचा विद्यार्थी आठवला की मनात येते, त्याच्यापाशी काय कमी होते? बुद्धी होती, चिकाटी होती. नव्हती ती सोय.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. एवढ्या मोठ्या समाजासाठी प्रत्येक महाविद्यालयाने करायचे काम मात्र मोजके आहे. प्रवेशाच्या वेळीच विचारावे की तुम्हाला कशाची सोय लागेल. उत्तर देणे ऐच्छिक असावे आणि गुप्त राहावे. एक जबाबदार व्यक्ती नेमावी, जिच्याकडे विद्यार्थी एकदाच जाईल. दहा खिडक्यांवर दहा वेळा कागद दाखवणार नाही. त्याच्याशी बोलून काय हवे ते लिहून ठेवावे, संबंधित अध्यापकांना व परीक्षा-विभागाला सत्राच्या आरंभी कळवावे, आणि सहामाहीनंतर पुन्हा विचारावे की ठीक चालले आहे ना. परीक्षेच्या आदल्या दिवशी धावाधाव करून जे दिले जाते ते दान असते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात जे ठरते ती व्यवस्था असते.

आणि हे केवळ महाविद्यालयाचे काम नाही, म्हणूनच मी हा विषय शाळेच्या व्यासपीठावर मांडला. मुलाची अडचण प्रथम शाळेला दिसते. वेळेवर तपासणी, प्रमाणपत्र, ओळखपत्र हे दहावीच्या आधी झाले नाही तर महाविद्यालयात पहिले वर्ष कागद जमवण्यातच जाते. येथील माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यात मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी लिहिणारे, निवृत्त झालेले, शहरातच राहणारे कितीतरी जण आहेत. आपण आपल्या नावांची एक वही करावी. कोण कोणती भाषा लिहितो, कोणता विषय जाणतो, कोणत्या वारी मोकळा आहे, एवढेच तिच्यात असावे. नियमांत बसेल तेथे लेखनिक म्हणून, एरवी वाचक म्हणून, टिपणे ध्वनिमुद्रित करणारे किंवा युनिकोडमध्ये उतरवणारे म्हणून आपण उपयोगी पडू शकू. शहरातील महाविद्यालयांना ती वही कळवावी. वाचून दाखवायला वयाची अट नाही. माझे नाव पहिल्या पानावर घालावे. मराठी आणि थोडे संस्कृत, सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहानंतर.

अपंग म्हणायचे की दिव्यांग, यावर बराच वाद झाला आहे आणि स्वतः ज्यांना ती नावे लावली जातात त्यांच्यातही मतभेद आहेत. माणसे आपल्याला जे म्हणवून घेऊ इच्छितात ते म्हणावे. पण नाव बदलून जिना उतरता येत नाही आणि पेपर पुरा होत नाही. ज्या गुरुवर्यांना आपण आज वंदन करीत आहोत त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलाला काही खास नाव दिले नव्हते. त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते बोलत, एवढेच. ती वही या आठवड्यात सुरू व्हावी, अशी विश्वस्तांना विनंती करतो.